कंपनीचं नाव एक, पाटीवरचं दुसरं: व्यापारी नाव वापरायचं तर कोणत्या क्रमाने

कंपनी एका नावाने रजिस्टर आणि दुकानावर पाटी दुसऱ्याच नावाची, हे जालन्यापासून नांदेडपर्यंत सगळीकडे चालतं आणि त्यात बेकायदा काहीच नाही. चुकतं ते क्रमात. आधी पेंटर गाठतात, मग बिलबुकं छापतात, मग इन्स्टाग्रामवर पेज उघडतात, आणि व्यापारी नावाने आलेला पहिला चेक बँकेने परत केला की मग सीएला फोन जातो. तोपर्यंत छपाईचे पैसे गेलेले असतात आणि त्याहून वाईट म्हणजे दोनतीन करारांवर कंपनीचं नावच नसतं.

हे करारांचं जास्त गंभीर आहे. आपण कंपनी कशासाठी काढतो, तर धंद्याचं देणं धंद्यापुरतं राहावं, घरावर-शेतावर येऊ नये म्हणून. हे संरक्षण कंपनीच्या पूर्ण नावाला चिकटलेलं असतं, पाटीवरच्या नावाला नाही. कागदावर पूर्ण नाव नसेल तर समोरचा वकील सरळ म्हणणार की आमचा व्यवहार या माणसाशी झाला, कंपनी कोणती ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 230 बघा, एजंटने आपला मालक कोण हे सांगितलं नाही तर तो स्वतः बांधील आहे असं गृहीत धरलं जातं. म्हणून खालचा सगळा खटाटोप.

सोयीसाठी एक उदाहरण शेवटपर्यंत धरू. समजा कंपनी आहे 'सिंदफणा ॲग्रो फूड्स प्रायव्हेट लिमिटेड' आणि मसाले विकायचेत 'आजीचा खलबत्ता' या नावाने. दोन्ही नावं मनाने घेतलीत. एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था, असेल तर जिथे फरक पडतो तिथे सांगितलंय.

## सुरू करायच्या आधी तीन गोष्टी डोक्यात पक्क्या करा

पहिली, आपल्याकडे व्यापारी नावाचं वेगळं सरकारी रजिस्टर नाही. यूट्यूबवर अमेरिकेतल्या एलएलसीचे व्हिडिओ बघून बरेच जण 'डीबीए रजिस्ट्रेशन' (डूइंग बिझनेस ॲज, म्हणजे दुसऱ्या नावाने धंदा) मागायला येतात. तिकडे बहुतेक राज्यांत दुसऱ्या नावाने धंदा करायचा तर ते नाव नोंदवावं लागतं, इकडे तसा फॉर्मच नाही. आपल्याकडे तेच नाव जीएसटी, शॉप ॲक्ट, बँक, ट्रेडमार्क अशा चारपाच ठिकाणी वेगवेगळं चढवावं लागतं आणि सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं ठेवावं लागतं. कोणी 'ट्रेड नेमचं सर्टिफिकेट काढून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर नेमकं कोणतं सर्टिफिकेट ते विचारा, बहुतेक वेळा ते उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, निघतं आणि उद्यम तर फुकट आहे.

दुसरी, व्यापारी नाव म्हणजे वेगळी संस्था नव्हे. त्याला पॅन नाही, ते कोर्टात दावा लावू शकत नाही, त्याच्या नावावर प्लॉट होत नाही. एकाच कंपनीचं मसाल्याचं एक नाव आणि हॉटेलचं दुसरं नाव असेल आणि हॉटेल तोट्यात गेलं, तर देणं मसाल्याच्या कमाईतूनही वसूल होणार. धोका खरंच वेगळा ठेवायचा असेल तर दुसरी कंपनी काढा, दुसऱ्या पाटीने ते काम होत नाही.

तिसरी, जीएसटीत नाव टाकलं म्हणजे नाव तुमचं झालं असं नाही. तिकडे कोणी तपासत नाही की हे नाव आधीच दुसऱ्याचं आहे का. मालकी हवी तर ट्रेडमार्क.

## टप्पा 1: दुसरं नाव खरंच हवंय का ते ठरवा

कंपनी नवीन असेल, एकच धंदा असेल आणि पाटीवरचंच नाव लोकांच्या तोंडी असेल, तर कंपनीचंच नाव बदलून घ्या की. खर्च एकदाच होतो. त्यासाठी नाव आरक्षित करायचं, सभासदांचा विशेष ठराव करायचा, फॉर्म भरायचे. जुन्या कंपनीच्या नावबदलासाठी नाव मंजूर झालं की ते 60 दिवस राखून ठेवलं जातं. पण मग पॅन, बँक, जीएसटी, सगळे परवाने बदलावे लागतात आणि पुढची दोन वर्षं नव्या नावासोबत जुनं नावही पाटीवर आणि लेटरहेडवर ठेवावं लागतं.

व्यापारी नाव कधी बरं पडतं? कंपनी एक आणि धंदे दोनतीन असतात तेव्हा. किंवा कंपनीचं नाव लांबलचक, कागदी, आणि गिऱ्हाईकाला लक्षात राहील असं काही वेगळं हवंय. किंवा वडिलांच्या दुकानाचं जुनं नाव कंपनीत आणायचंय, त्यासाठी खाली वेगळा भाग लिहिलाय कारण तिथेच सगळ्यात जास्त गुंता होतो.

## टप्पा 2: नाव तपासा, आणि नीट तपासा

तीन ठिकाणी बघायचं. एक, कंपनी मंत्रालयाच्या साइटवर त्या नावाची कंपनी किंवा एलएलपी आहे का. दोन, ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात. तीन, गूगल मॅप्स, इन्स्टाग्राम आणि डोमेन.

ट्रेडमार्क शोधात लोक नुसतं इंग्रजी स्पेलिंग टाकतात, काही सापडलं नाही की खूश होतात. तिथे उच्चारावरून शोधायचा पर्याय असतो, तो वापराच, कारण ट्रेडमार्कमध्ये कानाला सारखं वाटणारं नावही अडतं. 'खलबत्ता' इंग्रजीत चार प्रकारे लिहिता येतो, चारही टाकून बघा. मराठीतलं, हिंदीतलं रूपही बघा. आणि क्लास बरोबर निवडा. वस्तू-सेवांचे एकूण 45 क्लास आहेत, मसाले 30 मध्ये, खाद्यतेल आणि दुधाचे पदार्थ 29 मध्ये, कपडे 25 मध्ये, हॉटेल-मेस 43 मध्ये, कोचिंग क्लास 41 मध्ये, दुकानातून दुसऱ्यांचा माल विकण्याची सेवा 35 मध्ये.

काही शब्द टाळायचे. 'बँक' शब्द कुणालाही सहज वापरता येत नाही. राष्ट्रचिन्हं, सरकारी वाटतील अशी नावं यांना 1950 च्या कायद्याने बंदी आहे. आणि सगळ्यात नेहमीची चूक, व्यापारी नावापुढे 'प्रा. लि.' लावणं. 'आजीचा खलबत्ता प्रा. लि.' असं कुठेच लिहायचं नाही, कारण त्या नावाची कंपनी नोंदलेलीच नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 453 मध्ये यासाठी दिवसाला 500 ते 2,000 रुपये दंड आहे. पेंटर आपल्या मनाने 'प्रा. लि.' चढवून देतो, शोभून दिसतं म्हणून, तेव्हा पाटीचा मजकूर त्याला लिहूनच द्या.

तपासा: नावाचं मराठी रूप आणि इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवून एका कागदावर लिहून ठेवलं का? पुढचे सगळे फॉर्म त्या कागदावरून भरायचे, आठवणीवरून नाही.

## टप्पा 3: बोर्डाचा ठराव

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात, घरातलेच दोन डायरेक्टर असतात म्हणून. पण बँक हाच कागद मागते आणि उद्या भावाभावांत बिनसलं तर नाव कुणाचं हे सांगणारा हाच कागद असतो. ठरावात एवढं हवंच: व्यापारी नाव नेमकं काय (दोन्ही लिपींत), कोणत्या धंद्यासाठी आणि कोणत्या जागेवर ते वापरायचं, ते नाव आणि त्याची पत कंपनीच्या मालकीची आहे, सगळे करार आणि बिलं कंपनीच्या पूर्ण नावाने होतील, आणि सही कोण करणार.

हे करताना कंपनीचं मेमोरँडम, म्हणजे कंपनी काढताना नोंदवलेला उद्देशांचा कागद, उघडून बघा, उद्देशात हा धंदा बसतो का. बियाण्याच्या धंद्यासाठी काढलेल्या कंपनीत मसाले घातले आणि मेमोरँडममध्ये त्याचा उल्लेखच नाही, असं असेल तर आधी ते दुरुस्त करा.

## टप्पा 4: ट्रेडमार्कचा अर्ज, पाटीच्या आधी

बरेच जण म्हणतात की धंदा चालला तर बघू. मला हे पटत नाही. नाव चालायला लागलं की शेजारच्या तालुक्यात त्याच नावाचं दुसरं दुकान उभं राहतं आणि मग आधी कोण हे सिद्ध करत बसावं लागतं. अर्ज आधी टाका.

अर्जाच्या आधी उद्यम नोंदणी करून घ्या. ऑनलाइन अर्जाची फी साधारण कंपनीला एका क्लासला 9,000 रुपये आहे, छोट्या उद्योगाला आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपला 4,500. उद्यमचा कागद नसेल तर कंपनी छोटी असूनही पूर्ण फी जाते.

अर्जदार म्हणून कंपनीचं नाव टाका. इथे डायरेक्टर स्वतःचं नाव टाकतात, 'शेवटी माझंच आहे ना' म्हणून. मग ट्रेडमार्क माणसाचा आणि वापरते कंपनी, असं त्रांगडं होतं. कर्ज घेताना, भागीदार घेताना, कंपनी विकताना हा प्रश्न निघतोच. काही कारणाने नाव स्वतःकडेच ठेवायचं असेल तर ठेवा, पण मग तुमच्यात आणि कंपनीत वापराच्या परवानगीचा लेखी करार करा.

आधीपासून नाव वापरत असाल तर पहिल्या वापराची तारीख टाकता येते, पण त्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि पुरावा लागतो, म्हणून जुनी बिलं, जाहिराती, पाकिटं फेकून देऊ नका. अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापला की हरकत घ्यायला चार महिने असतात. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षं चालते, पुढे नूतनीकरण.

सावध: अर्ज टाकल्यावर नावापुढे 'टीएम' लावता येतं. गोलातला 'आर' मात्र नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आल्यावरच. आधी लावायला कायद्याने मनाई आहे.

## टप्पा 5: जीएसटीत नाव चढवा

जीएसटीच्या नोंदणीत दोन नावं असतात. लीगल नेम पॅनवरून आपोआप येतं, त्याला हात लावता येत नाही. ट्रेड नेम तुम्ही भरता. नवीन नोंदणी असेल तर तेव्हाच भरा. जुनी असेल तर पोर्टलवर लॉगिन करून कोअर फील्डच्या दुरुस्तीत जायचं, बिझनेस डिटेल्सचा टॅब उघडायचा, ट्रेड नेम बदलायचं, कारण लिहायचं, बोर्डाचा ठराव जोडायचा, डिजिटल सहीने सबमिट करायचं. हा फॉर्म रेग-14. बदल झाल्यापासून 15 दिवसांत टाकायचा असतो.

एकापेक्षा जास्त नावं असतील तर ॲडिशनल ट्रेड नेम टाकायची सोय तिथेच आहे. पहिलं नाव पुसून त्याच्या जागी दुसरं टाकू नका, नाहीतर पहिल्या नावाचा धंदा कागदावर अनाथ होतो. आणि दुसऱ्या नावाचं दुकान वेगळ्या जागेत असेल तर ती जागाही ॲडिशनल प्लेस म्हणून त्याच वेळी जोडा. इथे हमखास अडतं, कारण दुकानाचा भाडेकरार डायरेक्टरच्या वैयक्तिक नावाने केलेला असतो. भाडेकरार कंपनीच्या नावाने करा, सोबत घरमालकाचं लाईटबिल ठेवा.

अधिकाऱ्याने शंका काढली तर उत्तराला सात कामकाजाचे दिवस मिळतात. ईमेल आणि पोर्टल दोन्ही बघत राहा, नोटीस घरी पोस्टाने येईल अशा आशेवर बसू नका.

तपासा: मंजुरी आली की लॉगिन न करता पोर्टलवरच्या 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये आपला जीएसटी नंबर टाका. तुमचं गिऱ्हाईक जे बघणार तेच तिथे दिसतं. वर कंपनीचं पूर्ण नाव, खाली व्यापारी नाव, स्पेलिंग टप्पा 2 मधल्या कागदाप्रमाणे. एका अक्षराचा फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करा. सुधारलेलं प्रमाणपत्र डाउनलोड करून दोनतीन प्रिंट काढा.

## टप्पा 6: बाकीचे परवाने

शॉप ॲक्ट, महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याखाली. किती माणसं कामाला आहेत त्यावरून पूर्ण नोंदणी की नुसती सूचना ते ठरतं. आस्थापनेच्या नावाच्या रकान्यात व्यापारी नाव आणि मालकाच्या जागी कंपनी, असं दोन्ही यायला हवं. तिथे मालक म्हणून डायरेक्टरचं नाव टाकलं की तो कागद प्रोप्रायटरशिपसारखा दिसतो आणि बँक नको ते प्रश्न विचारते.

खाण्याच्या धंद्यात अन्नपरवाना कंपनीच्या नावाने घ्या, नाव आणि पत्ता जीएसटीशी जुळवा. पाकिटावर ब्रँड कितीही मोठा छापा, पण उत्पादक किंवा पॅक करणारा म्हणून कंपनीचं पूर्ण नाव आणि पूर्ण पत्ता लागतोच, वजन-मापाच्या 2011 च्या पॅकेज्ड कमोडिटी नियमांनी. मसाला लातूरच्या एखाद्या गिरणीतून दळून-पॅक करून घेत असाल तर गिरणीवाल्याचं नाव उत्पादक म्हणून आणि तुमच्या कंपनीचं विक्रेता म्हणून, दोन्ही वेगवेगळे लिहा. पाकिटाचा रोल हजारोंच्या संख्येनेच छापून मिळतो, तेव्हा मजकूर फायनल करायच्या आधी परवान्याची प्रत समोर ठेवून दोघांनी मोठ्याने वाचा, एकाने पाकीट, एकाने परवाना.

उद्यम, प्रोफेशन टॅक्स, पीएफ हे सगळं कंपनीच्या पॅनवर चालतं. तिथे कंपनीचंच नाव पुढे राहू द्या.

## टप्पा 7: बँक आणि क्यूआर

खातं कंपनीच्या नावाचं असतं. व्यापारी नावाने आलेला चेक खात्यात जमा होईलच असं नाही, बँक परत करू शकते. ठराव, सुधारलेलं जीएसटी प्रमाणपत्र आणि शॉप ॲक्टचा कागद घेऊन शाखेत जा आणि खात्याला व्यापारी नाव जोडता येतं का ते लेखी अर्ज देऊन विचारा. बँकाबँकांत फरक आहे, काही जण जोडून देतात, काही नाही म्हणतात. म्हणून सोपा नियम ठेवा, बिलाच्या खालीच छापा की चेक सिंदफणा ॲग्रो फूड्स प्रायव्हेट लिमिटेड या नावाने द्यावा.

यूपीआयचं बघा. पाटीवर 'आजीचा खलबत्ता' आणि पैसे टाकताना मोबाईलवर 'सिंदफणा ॲग्रो' आलं की गिऱ्हाईक थबकतं, फसवणूक तर नाही ना म्हणून. हल्ली लोक सावध झालेत आणि ते बरंच आहे. क्यूआरच्या स्टँडवर व्यापारी नावाखाली बारीक अक्षरात कंपनीचं नाव छापून घ्या, काउंटरवरच्या पोराला रोज तेच तेच समजावत बसावं लागणार नाही.

सावध: 'तात्पुरतं' म्हणून डायरेक्टरच्या सेव्हिंग खात्याचा क्यूआर काउंटरवर ठेवू नका. विक्री कंपनीची आणि पैसे घरच्या खात्यात, हे आयकरातही अडचणीचं आणि उद्या कोणी कोर्टात म्हणालं की ही कंपनी नुसती नावाला होती, तर त्याच्या हातात तुम्हीच पुरावा दिलात.

## टप्पा 8: आता पाटी, बिल आणि लेटरहेड

आता पेंटरला बोलवा.

पाटीवर दोन कायदे एकत्र येतात. राज्याच्या शॉप ॲक्टप्रमाणे दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत हवंच, मराठी आधी आणि मराठीची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. 2022 च्या दुरुस्तीनंतर हे छोट्या दुकानालाही लागू आहे. कंपनी कायद्याच्या कलम 12 प्रमाणे जिथे जिथे कंपनी धंदा करते तिथे बाहेर कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता हवा, तोही स्थानिक लिपीत. आणि जीएसटीच्या नियमाने प्रवेशाजवळच्या पाटीवर जीएसटी नंबर, आत दिसेल अशा जागी प्रमाणपत्र. हे सगळं बसवलं की पाटी अशी होते:

आजीचा खलबत्ता
सिंदफणा ॲग्रो फूड्स प्रायव्हेट लिमिटेडचं युनिट
नोंदणीकृत कार्यालय: (पूर्ण पत्ता)
जीएसटी क्रमांक: (15 अंकी-अक्षरी)

पहिली ओळ हवी तेवढी मोठी करा, खालच्या तीन ओळी रस्त्यावरून नाही तरी दारात उभं राहून वाचता आल्या पाहिजेत. वन पर्सन कंपनी असेल तर नावाखाली कंसात तसं लिहावं लागतं.

लेटरहेड, बिलाचं हेड आणि नोटिशींवर कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता, 21 अक्षरी-अंकी सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), फोन, ईमेल आणि वेबसाइट असेल तर ती. एवढं नसलं तर रोज 1,000 रुपये दंड, जास्तीत जास्त 1 लाखापर्यंत, कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्यालाही. वेबसाइट असेल तर होमपेजवर हीच माहिती, आणि तक्रारीसाठी कोणाशी बोलायचं त्याचं नाव. एलएलपीला बिलं-पत्रांवर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि 'मर्यादित दायित्वाने नोंदणीकृत' असं एक वाक्य लागतं, ते बहुतेक एलएलपींच्या बिलावर मला कधी दिसत नाही.

बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिंट सेटिंगला जाऊन बघा, नुसता लोगो टाकला तर कंपनीचं नाव गायब होतं. ई-इनव्हॉइस लागू असेल, म्हणजे उलाढाल 5 कोटींच्या वर, तर त्यात लीगल नेम सक्तीचं आहे आणि ट्रेड नेम ऐच्छिक. दोन्ही भरा.

व्हॉट्सॲप बिझनेसचं प्रोफाइल आणि कोटेशनचा पीडीएफ हेही कागदच आहेत. आपल्याकडे अर्धी ऑर्डर व्हॉट्सॲपवरच पक्की होते, तेव्हा तिथल्या माहितीत कंपनीचं पूर्ण नाव टाकून ठेवा.

## टप्पा 9: सही कशी करायची

सगळ्या लेखाचा जीव इथे आहे, म्हणून सावकाश वाचा.

चुकीची सही अशी असते: खाली गोल शिक्का 'आजीचा खलबत्ता', त्यावर पेनाने सही, बस. करार कोणी केला? कागद सांगत नाही. मग सही ज्याची तो.

बरोबर सही अशी:

सिंदफणा ॲग्रो फूड्स प्रायव्हेट लिमिटेडकरिता
(व्यापारी नाव: आजीचा खलबत्ता)
सही
पूर्ण नाव, डायरेक्टर / अधिकृत सहीकर्ता

शिक्का याच मजकुराचा बनवून घ्या आणि जुना शिक्का मोडून टाका, ड्रॉवरमध्ये ठेवला तर कोणीतरी तोच उचलणार. आणि नुसती सही बरोबर असून भागत नाही, कराराच्या पहिल्याच परिच्छेदात 'सिंदफणा ॲग्रो फूड्स प्रायव्हेट लिमिटेड, सीआयएन अमुक, जी आजीचा खलबत्ता या नावाने व्यवसाय करते, यापुढे कंपनी' असं यायला हवं. भाडेकरार, डीलरशिप, ट्रान्सपोर्टवाल्याशी करार, माल उधारीवर घेताना दिलेली चिठ्ठी, सगळीकडे.

मोंढ्यातला व्यवहार तोंडी आणि कच्च्या चिठ्ठीवर चालतो हे मला माहितीये. अडत्याशी वर्षानुवर्षांचे संबंध असतात, त्याला करार पुढे करणं बरं दिसत नाही. मग निदान एवढं करा, वर्षाच्या सुरुवातीला कंपनीच्या लेटरहेडवर एक पत्र द्या की या पुढची सगळी खरेदी कंपनीच्या नावाने आहे, बिल याच नावाने आणि या जीएसटी नंबरवर फाडावं, आणि त्याची पोच घ्या. पर्सनल गॅरंटी वेगळी गोष्ट, बँक किंवा मोठा सप्लायर ती मागतोच आणि ती दिली की तुम्ही बांधील झालातच. ती कागदावर स्वतंत्र आणि समजून द्या, सही चुकल्यामुळे ती फुकटात जाऊ नये एवढंच.

तपासा: मागच्या सहा महिन्यांतले करार काढा. ज्यावर नुसतं व्यापारी नाव आहे त्या प्रत्येकासाठी समोरच्या पार्टीसोबत एक छोटं दुरुस्तीपत्र करून घ्या. संबंध चांगले आहेत तोवर लोक दोन मिनिटांत सही देतात.

## वडिलांच्या दुकानाचं नाव कंपनीत आणताना

दुकान वडिलांच्या प्रोप्रायटरशिपचं, नाव मोंढ्यात चाळीस वर्षांचं, आता मुलांनी कंपनी काढली आणि तेच नाव पुढे वापरायचंय. लोक काय करतात, पाटी तीच ठेवतात, वडिलांचा जीएसटीही चालू ठेवतात, कंपनीचाही काढतात, आणि कोणतं बिल कोणत्या नंबरवर ते त्या दिवशी जे बिलबुक हाताशी लागेल त्यावर ठरतं. साठा एक, नंबर दोन. हे वर्षअखेरीला कोणत्याही सीएला जुळवता येत नाही.

इथला क्रम असा. आधी वडील आणि कंपनी यांच्यात लेखी हस्तांतरण करार, ज्यात साठा, येणी, देणी आणि दुकानाचं नाव व त्याची पत कंपनीला दिल्याचं स्पष्ट लिहिलेलं. नाव ट्रेडमार्क असेल तर त्याचं हस्तांतरण ट्रेडमार्क कार्यालयात नोंदवायचं. मग एक तारीख धरायची, शक्यतो 1 एप्रिल, आणि त्या दिवशीचा साठा मोजून लिहायचा. शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) फॉर्म आयटीसी-02 ने कंपनीकडे न्यायचं, त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं आणि करारात देणी हस्तांतरित केल्याचा उल्लेख लागतो. हे झाल्यावरच वडिलांचा जीएसटी नंबर रद्द करायला टाकायचा. उलट केलं, आधी नंबर रद्द केला, की क्रेडिट अडकतं.

अडतीचा किंवा खरेदीदाराचा परवाना वडिलांच्या नावाचा असेल तर तो कंपनीकडे आपोआप येत नाही, बाजार समितीत कंपनीच्या नावाने वेगळा अर्ज करा आणि तो मिळेपर्यंत कंपनीच्या बिलावर तो व्यवहार करू नका. खतं-बियाणं-औषधांचे कृषी परवानेही तसेच. उधारीवाल्या गिऱ्हाइकांना पत्र किंवा मेसेज पाठवा की अमुक तारखेपासून खातं कंपनीकडे आलंय.

वडिलांना दुकान स्वतःकडेच ठेवायचं असेल आणि कंपनीने फक्त नाव वापरायचं असेल, तर हस्तांतरण करू नका, नाव वापरायच्या परवानगीचा करार करा आणि साठा, बिलबुक, खातं, शक्य असेल तर जागाही पूर्ण वेगळी ठेवा.

## नंतरची देखभाल

वर्षातून एकदा, आयकराच्या गडबडीत नको, दिवाळीनंतर बसा आणि जीएसटी प्रमाणपत्र, शॉप ॲक्ट, अन्नपरवाना, बँकेचं स्टेटमेंट, बिल आणि पाटीचा फोटो एका टेबलावर ठेवून नाव-पत्ता जुळवा. कंपनीचं नोंदणीकृत ऑफिस बदललं असेल तर पाटीवरचा आणि लेटरहेडवरचा पत्ता बहुतेक जुनाच राहिलेला असतो.

नाव बंद करायचं असेल तर जीएसटीतून काढा, उरलेली बिलबुकं आडवी रेघ मारून रद्द करा, क्यूआर उतरवा, पण ट्रेडमार्क लगेच सोडू नका.

आणि विमा. दुकानातल्या मालाची पॉलिसी बहुतेक जुन्या नावाने किंवा नुसत्या व्यापारी नावाने निघालेली असते आणि क्लेमच्या वेळी सर्व्हेयर पहिला प्रश्न विचारतो की हा माल कोणाचा. खरेदीची बिलं कंपनीची, पॉलिसी भलत्याच नावाची, मग क्लेम लटकतो. पॉलिसीवर विमाधारक म्हणून कंपनीचं पूर्ण नाव, त्याखाली व्यापारी नाव आणि माल प्रत्यक्ष जिथे आहे त्या गोदामाचा पत्ता घालून घ्या, आणि नूतनीकरणाची वाट न बघता एजंटकडून आत्ताच एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतली लेखी दुरुस्ती, करून मागा.